दोन घरची पाहुणी

चार भांडी एकत्र आली की आवाज व्हायचाच, असं आपण म्हणतो आणि हसून सोडून देतो. पण या घरातली दोन भांडी वाजायचीसुद्धा बंद झाली होती. वरच्या मजल्यावर थोरली जाऊ, खालच्या मजल्यावर धाकटी, मध्ये जिना आणि जिन्यात अबोला. कारण विचाराल तर हसाल. जागेचा वाद नाही, दागिन्यांची वाटणी नाही, कान भरायला सासूही हयात नाही. कारण होतं एक मांजर!

हसलात तरी चालेल, पण थोरलीचं घर आधी बघून घ्या. मुलगा नोकरीसाठी लांब गेलेला. नवरा सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा, जेवायचा आणि बातम्या बघता बघता खुर्चीतच घोरायला लागायचा. थोरली घरी शिवणकाम करायची. शाळांचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. दिवसभर तिच्या सोबतीला दोघंच, मशीन आणि मांजर. मांजर मुलानेच आणलेलं. एवढंसं पिल्लू होतं तेव्हा मशीनखालच्या बॉबिनी तोंडात धरून पळायचं, म्हणून नाव पडलं बॉबीन. मुलगा गेला तसा थोरलीचा सगळा जीव त्या मांजरीत गुंतला. दुपारी ती काजं करायला बसली की बॉबीन उडी मारून मशीनच्या फळीवर बसायची आणि सुईच्या वरखाली होण्याबरोबर मान हलवायची. थोरली तिच्याशी बोलायची, तिच्यावर चिडायची, तिला मुलाचा फोनही ऐकवायची.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि खालच्या मजल्यावर धाकटी आली.

धाकटी औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. सकाळची पाळी करून दुपारी घरी यायची. हसरी, बोलकी, कोणालाही दोन मिनिटांत आपलंसं करणारी. थोरलीलाही ती पहिले काही दिवस आवडली, खोटं कशाला बोला. पण एका दुपारी बॉबीन जिना उतरून खाली गेली. मांजरच ते, घरात नवं खोकं आलं तरी आत जाऊन बसतं, नवी जाऊ आल्यावर बघायला जाणार नाही का? पण तासाभराने खालून हसण्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ धाकटीची हाक, "ढबे, इकडे ये, ढबे!"

ढबी! थोरलीच्या हातातला गणवेश हातातच राहिला. हिने माझ्या मांजरीचं नाव बदललं? आणि ती मेली गेलीसुद्धा हाकेला?

त्या दिवसापासून थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. ते दुखणं कोणत्याही औषधाने थांबणारं नव्हतं. खालचं दार वाजलं की तिचा पाय मशीनवर थबकायचा. खाली हसू फुटलं की हिचा दोरा तुटायचा. धाकटी एकदा ड्रेसची बाही आत घेऊन द्याल का, असं विचारायला आली, तर थोरलीची नजर बाहीवर कुठली? कापडात आयुष्य काढलेली बाई ती. ड्रेसवर मांडीपाशी चिकटलेले पांढरे केस तिला दारातूनच दिसले. म्हणजे मांडीवर घेऊन बसते! थोरलीने बाही आत घेऊन दिली, पण इतकी आत घेतली की धाकटीला हात वर करताना त्रास व्हायला लागला.

"अगं, तू माझ्यावरून कधी एवढी जळली नाहीस," नवरा एकदा म्हणाला.

"तुमच्यावरून जळायला तुम्हाला बोलावतं कोण मांडीवर?" थोरलीने तिथल्या तिथे त्याची बोळवण केली.

तरीही तोवर दोघींचं बोलणं चालू होतं. ते बंद पडलं एका छोट्याशा औषधावरून.

धाकटी दुकानातून येताना एक नळी घेऊन आली आणि थेट वर चढली. "ताई, हे आणलंय. महिन्यातून एकदा मानेवर, केस बाजूला करून सोडायचं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याच्या कुत्र्याला हार्टवर्म झालाय. हृदयात जंत होतात, डासांमधून पसरतात. मांजरांनाही होतात म्हणे. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून, ढबीच्या वजनाप्रमाणे आणलंय."

यातलं थोरलीने काय ऐकलं? डास नाही, जंत नाही, डॉक्टर नाही. ऐकलं फक्त 'ढबी'.

"तिचं नाव बॉबीन आहे. आणि तिचं वजन कधी केलंस तू?"

"सोपं आहे, ताई. तिला उचलून मी काट्यावर उभी राहिले आणि मग माझं वजन वजा केलं."

उचलून उभी राहिली! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. "कुत्र्याचा रोग मांजराला? उद्या म्हणशील घोड्याचा झालाय! माझी मांजर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. तिला कुठला आलाय रोग? दुकानात औषधं विकतेस ती तिथे विक, माझ्या घरात दुकान मांडू नकोस. माझ्या मांजरीचं मी बघेन."

धाकटीचा चेहरा खाडकन उतरला. ती नळी मुठीत धरून खाली गेली. दुसऱ्या दिवशी जिन्यात दोघी समोरासमोर आल्या आणि दोघींनी भिंतीकडे बघितलं. झालं, अबोला सुरू झाला. भाऊभाऊ मात्र रोज एकमेकांशी बोलत होते आणि आपापल्या बायकांसमोर बोलत नसल्यासारखं दाखवत होते.

बॉबीनला कसला अबोला! ती दोन्ही घरी जात राहिली. थोरली आता तिला वर टिकवण्यासाठी रोज मासा उकडायला लागली. खाली धाकटीने कोंबडीचे तुकडे सुरू केले. एखादा पाहुणा असता तर वजन वाढून फुगला असता. पण काही महिने गेले आणि थोरलीच्या लक्षात आलं की बॉबीन वर यायची कमी झालीय. आधी ती दिवसातून दहा वेळा जिना चढायची, आता एकदा चढायची, तीही मध्येच पायरीवर बसून राहायची. थोरली वरून बघायची आणि तिच्या मनात यायचं, बघा, यायचंही जिवावर येतंय! खालचं वारं लागलंय!

मशीनच्या फळीवर उडी मारणंही बंद झालं. बॉबीन खाली जमिनीवर, मशीनच्या पायाशी पसरून बसायची. थोरली तिला हाक मारायची, फळीवर थाप मारायची. बॉबीन वर बघायची आणि तशीच बसून राहायची. थोरलीला वाटायचं, आता माझ्याजवळ बसायचीही लाज वाटते हिला.

मासा पुढे केला तर बॉबीन हुंगायची आणि तोंड फिरवायची. एकदोनदा तर थोडं खाल्लं काय, न खाल्लं काय, ओकून मोकळी झाली. थोरली फरशी पुसता पुसता बडबडायची, "खालून कोंबडी चापून आलीस, आता माझा मासा कशाला गोड लागेल? जा, जा तिच्याकडेच!" कधी कधी बॉबीन मान लांब करून, पोट जमिनीला टेकवून खाकरायची. थोरलीला ठाऊक होतं, मांजरांना केसांचे गोळे अडकतात. खालच्या घरात गालिचा आहे ना, त्याचेच तंतू गिळत असेल, दुसरं काय. मत्सराची ही गंमत असते. त्याला प्रत्येक गोष्टीचं उत्तर ठाऊक असतं, आणि प्रत्येक उत्तर एकाच माणसाच्या दारात जाऊन थांबतं.

मग आठवडाभर बॉबीन वर आलीच नाही.

थोरलीने पहिले पाच दिवस फुरंगटून काढले. सहाव्या दिवशी रडू आलं. आठव्या दिवशी तिचा कंटाळा आणि राग एकत्र होऊन असा काही उसळला की तिने ताटलीत मासा घेतला, पदर खोचला आणि दुपारी तरातरा जिना उतरली. आज सोक्षमोक्षच लावायचा! एकदाच विचारायचं, बाई, माझ्याकडे एवढं एकच उरलं होतं, तेही तुला का हवंय?

खालचं दार उघडंच होतं. धाकटी पलंगापाशी जमिनीवर बसली होती, पाठमोरी. तिच्या हातात वाटी होती.

"भरव, भरव!" थोरली दारातूनच कडाडली. "चोचले पुरवून पुरवून पार तोडलंस तिला माझ्यापासून. आठवडा झाला, वर फिरकली नाही. एवढं काय घालतेस गं तिला?"

धाकटी वळली. तिचे डोळे लाल होते. "मी घालते? ताई, ती माझ्याकडे काही खात नाहीये. वाटी भरलेली ठेवते आणि भरलेली उचलते. मला वाटलं, मी दुकानात गेले की तुम्ही तिला वर नेऊन भरवता. तुमचा मासा खाल्ल्यावर माझं कशाला खाईल, म्हणून मी..."

थोरलीच्या हातातली ताटली हळूच खाली आली.

"मी नाही गं भरवलं," थोरली म्हणाली. "ती वर आलेलीच नाही."

"मग ती खातेय कुठे?"

कुठेच नाही! खालच्या बाईला वाटत होतं वर खाते, वरच्या बाईला वाटत होतं खाली खाते, आणि मांजर कुठेच खात नव्हतं. दोघी एकदम पलंगाखाली वाकल्या. बॉबीन पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढून, मान पुढे ताणून बसली होती. तिचं पोट भात्यासारखं आतबाहेर होत होतं आणि तोंड उघडं होतं. मांजर तोंडाने श्वास घेतंय, हे थोरलीने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तिने हात घालून बॉबीनला जवळ घेतलं, आणि तिच्या बोटांना बरगड्या लागल्या. एकेक वेगळी.

"टोपली!" थोरली ओरडली. "अगं, माझी कापडाची टोपली आण वरून! पळ!"

दोन गल्ल्या पलीकडे दवाखाना होता. टोपलीचा एक कान थोरलीच्या हातात, दुसरा धाकटीच्या. कित्येक महिन्यांनी दोघी बरोबर चालत होत्या, आणि चालताना एकच वाक्य आळीपाळीने म्हणत होत्या, "हळू, टोपली हलायला नको."

डॉक्टर बाई होत्या. चष्मा कपाळावर, बाह्या कोपरापर्यंत, आणि जे बोलायचं ते तोंडावर. त्यांनी आधी प्रश्न विचारले नाहीत. बॉबीनला उचललं, काचेच्या पेटीत ठेवलं, प्राणवायू सुरू केला, एक सुई टोचली आणि दार लावून घेतलं. मग हात धुतले आणि दोघींसमोर स्टूल ओढून बसल्या.

"मांजर कोणाचं?"

एरवी या प्रश्नावर थोरलीने घर डोक्यावर घेतलं असतं. आता ती रिकामी टोपली चाचपत राहिली. धाकटीच म्हणाली, "ताईंचं."

"खोकते का?"

"खोकत नाही," थोरली म्हणाली. "केसांचा गोळा अडकतो. मान लांब करून खाकरते."

"गोळा पडला का कधी?"

थोरली आठवत राहिली. "नाही. कधीच पडला नाही."

"खालीही तसंच खाकरते," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, वरच्या शिवणाच्या दोऱ्याचे तुकडे गिळते."

"उलट्या? जेवल्यावर, की मध्येच कधीही?"

"माझ्याकडे सकाळी, रिकाम्या पोटी."

"माझ्याकडे दुपारी. मला वाटलं, खालचं खाणं बाधलं."

"आणि मला वाटलं, वरचं."

डॉक्टरांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "म्हणजे वरच्या उलट्या तुम्हाला ठाऊक, खालच्या हिला ठाऊक. बेरीज कोणी केली?"

"दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो आज काचेत बसलाय," डॉक्टर म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

मग छातीचा फोटो झाला, रक्त काढलं, पोटाला लावतात तसलं यंत्र छातीला लावून हृदय पाहिलं. दोघी बाकावर बसून होत्या. थोरलीच्या मनात तेवढ्यातही एक खुळा प्रश्न आलाच. आत जाताना बॉबीनने मान वळवून कोणाकडे बघितलं, माझ्याकडे की हिच्याकडे? असा विचार आल्याची तिची तिलाच लाज वाटली. इतकी लाज तिला पूर्वी कधी वाटली नव्हती.

डॉक्टर बाहेर आल्या. "हार्टवर्म आहे. एक नाहीतर दोन जंत असतील."

"एकदोनच?" थोरलीला हायसं वाटलं. "मग काढून टाका ना, डॉक्टर. एखादं औषध द्या."

"तिथेच तर गोम आहे. कुत्र्यात हे जंत पुष्कळ होतात, आणि कुत्र्यात ते मारायचं औषध आहे. मांजराचं हृदय केवढं? तुमच्या अंगठ्याएवढं. तिथे शिवणाच्या दोऱ्यासारखा एक जंत पुरतो. कुत्र्याचं ते औषध मांजराला चालत नाही, जिवावर बेततं. आणि जंत एकदम मेला तरी त्याच्यामुळेच मांजर दगावू शकतं. म्हणून आपण काय करायचं, फुप्फुसांची सूज उतरवायची, श्वास सोपा करायचा, आणि जंत आपलं आयुष्य संपवून जाईपर्यंत तिला सांभाळायचं. त्याला वर्षं लागतात. काही मांजरं निभावतात. काही चांगली दिसता दिसता एका क्षणात जातात. मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही."

"पण ती घराबाहेर पडत नाही हो! कोणत्या कुत्र्याजवळही जात नाही!"

"ती बाहेर जात नाही, पण डास आत येतो ना? त्याला दार लागतं का? आजारी कुत्र्याला चावला, तिथून जंताची पिल्लं घेतली, तुमच्या खिडकीतून आला आणि हिला चावला. झालं. कुत्र्यापासून थेट मांजराला होत नाही, मांजरापासून तुम्हालाही होत नाही. मध्ये डास लागतो. घरात बसणाऱ्या मांजरांनाही म्हणूनच होतो. लोक मात्र म्हणतात, आमची कुठे जात नाही, तिला काय होणार!"

थोरलीला स्वतःचाच आवाज ऐकू आला. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही, हे तीच बोलली होती.

"जिना चढायची का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. सोडूनच दिलं. माझ्याकडे यावंसं वाटेना तिला," थोरली म्हणाली. इतके दिवस रागाने म्हणत होती तेच, पण आता त्यात राग उरला नव्हता.

"यावंसं वाटेना कोण म्हणतं? दम लागत होता तिला! उडी मारायला दम, चढायला दम. खालचं घर तिला जास्त आवडायला लागलं नव्हतं, बाई. वरचं घर लांब पडायला लागलं होतं."

थोरलीने पदर तोंडाला लावला. पायरीवर मध्येच बसलेली बॉबीन तिच्या डोळ्यांसमोर आली. ती येतच होती! अर्ध्यापर्यंत येऊन बसत होती, आणि मी वरून टोमणे मारत होते!

डॉक्टरांनी कागद काढून विचारलं, "महिन्याचं प्रतिबंधक औषध लावत होता का? असतं ते मानेवर सोडायचं."

धाकटीने मान वर केली. आता ही बोलणार, थोरलीला वाटलं. आता सगळं सांगणार, नळीचं, दुकान मांडू नकोस म्हटल्याचं. सांगेना का, तिचा हक्कच आहे.

धाकटी म्हणाली, "लावायचं राहून गेलं, डॉक्टर. आम्हा दोघींकडूनही."

थोरलीला चपराक बसल्यासारखं झालं. मारलं असतं तर सोसलं असतं, पण हे झाकून घेणं तिला सोसेना!

"राहून गेलं नाही!" ती उभी राहिली. "डॉक्टर, हिने आणलं होतं. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून, वजन करून आणलं होतं. मी परत पाठवलं. का, तर मांजर हिच्याकडे जात होती आणि माझा जळफळाट होत होता! मला औषध नको होतं असं नाही, मला हिचा हात तिच्या मानेला लागायला नको होता. खरं आहे ते हे आहे!"

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून काढून हातात घेतला.

"माझ्याकडे रोज लोक येतात," त्या म्हणाल्या, पण आता आवाजात धार नव्हती. "प्रत्येकाला वाटतं, आपलं जनावरावर सगळ्यांत जास्त प्रेम आहे. असतंही. पण प्रेम म्हणजे राखण नव्हे, बाई. प्रेम म्हणजे लक्ष. तुम्ही हिच्याकडे बघत होता, ही तुमच्याकडे बघत होती. मांजराकडे कोण बघत होतं? किती खाल्लं, किती ओकली, श्वास कसा घेते, हे बघणारा डोळा तुम्ही एकमेकींवर खर्च केलात. दोघींचं लक्ष मिळून एक झालं असतं, तर ही केव्हाच माझ्याकडे आली असती."

"आणि ते औषध लावलं असतं तर?" थोरलीने विचारलं.

डॉक्टरांनी थेट तिच्याकडे बघितलं. "तर बहुतेक हे झालं नसतं," त्या म्हणाल्या. थोरलीने मान हलवली. खोटं बोलल्या नाहीत हे तिला आवडलं.

बॉबीनला दवाखान्यातच ठेवायचं ठरलं. परत येताना टोपली रिकामी होती, तरी दोघींनी दोन कान धरलेले होते. मग धाकटीच म्हणाली, "ताई, मीही जळत होते."

"कशावर? सगळं तर तुझ्याकडेच होतं."

"कुठलं हो! वर मशीन सुरू झालं की ढबी... बॉबीन कान टवकारायची. माझ्या मांडीवर असली तरी दाराकडे बघत बसायची. मी म्हणायचे, एवढं काय आहे त्या मशीनमध्ये? म्हणून मी कोंबडी सुरू केली. ती न खाता उठली की मला वाटायचं, वर जाऊन खाणार ही. आणि मला राग यायचा. खात नाहीये याची काळजी वाटायला हवी होती, आणि मला राग येत होता."

थोरली रस्त्यात थांबली. भरल्या डोळ्यांनी तिला हसू आलं. "म्हणजे आपण दोघी सारख्याच वेड्या!"

"जावा आहोत, ताई," धाकटी म्हणाली. "थोडं सारखं असायचंच."

बॉबीन काही दिवसांनी घरी आली. वाळलेली, पण श्वास तोंड मिटून घेणारी. जिना चढवायचा नाही, उड्या मारू द्यायच्या नाहीत, गोळ्या वेळेवर, आणि ठरल्याप्रमाणे छातीचा फोटो. खालच्या खोलीत तिची गादी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीच्या नवऱ्याने आणि दिराने घामाघूम होत शिवणाचं मशीन खाली आणलं आणि धाकटीच्या खिडकीपाशी लावलं. का, असं कोणी विचारलं नाही. थोरलीने पाय ठेवला, मशीन सुरू झालं, आणि गादीवरचे दोन कान उभे राहिले. धाकटीने थोरलीकडे बघून भुवया उडवल्या, बघा, सांगत नव्हते? आता वरच्या उलट्या आणि खालच्या उलट्या असं काही राहिलं नाही. काय खाल्लं, कशी झोपली, हे दोघी एकमेकींना सांगायच्या, आणि कधी कधी नको तितकं सांगायच्या. खिडक्यांना जाळ्या बसल्या. मागच्या बाजूला बादल्यांत, कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचलेलं पाणी थोरली स्वतः ओतून यायची. गॅरेजवाल्याच्या कुत्र्याचे उपचार पुरे होताहेत ना, हेही ती जाऊन विचारायची, आणि तो कंटाळला तरी पुन्हा विचारायची.

औषधाचा दिवस आला. जंत असले तरी नवे होऊ नयेत म्हणून ते दर महिन्याला लावायचंच, वर्षभर, एकही महिना न चुकवता, आणि मांजराचंच लावायचं, कुत्र्याचं उरलंसुरलं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. थोरलीने बॉबीनला मांडीवर धरलं. धाकटीने मानेवरचे केस बाजूला केले आणि नळी दाबली. बॉबीनने नाराजीने एक कान हलवला. एवढंच! एवढ्याशा कामासाठी थोरलीने सगळं घर पेटवलं होतं.

"ऐक," थोरली म्हणाली. तिची नजर मांजरीच्या मानेवर होती. "पुन्हा कधी मी हट्टाने नको म्हटलं ना, तर माझं ऐकू नकोस. भांड माझ्याशी. आवाज चढव. पण औषध परत नेऊ नकोस."

"आणि तुम्ही बोलणं टाकलंत तर?"

"टाकेनही. स्वभाव आहे माझा, एका दिवसात कुठला जातोय? तू दार वाजव. मी उघडलं नाही तर पुन्हा वाजव."

धाकटीने मान हलवली. बॉबीन अजून वर्षभर जगेल की उद्याच काही होईल, हे दोघींपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसतानाच त्यांना तिला रोज सांभाळायचं होतं.

वाचकहो, तुमच्याही घरात, गल्लीत, दुकानात अशी एखादी दोन घरची, चार घरची पाहुणी असेल. ती खाकरत असेल, कारण नसताना ओकत असेल, उडी मारायची टाळत असेल, वाळत असेल, तर 'केसांचा गोळा' म्हणून सोडून देऊ नका. आणि ती धडधाकट असेल, तर आजच डॉक्टरांना विचारून महिन्याचं औषध सुरू करा, कारण मांजरात हा रोग झाल्यावर फारसं काही हातात राहत नाही. घरातली आहे, तिला काय होणार, असं म्हणू नका. हेवा माणसामाणसांत असतो, असू द्या, तो काही एका गोष्टीने संपणारा नाही. पण त्याची किंमत मुक्या जिवाला मोजायला लावू नका. मांजर कोणाचं हा वाद सावकाश घाला. आधी ती आज जेवली का, ते एकमेकांना विचारा.